वाद्याला लावलेले दिवे

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी मनातल्या मनात बोलायची सवयही मोडली आहे. तुमची नात तुम्ही पाहिली नाहीत, तिची आईही पाहिली नाहीत. माझं लग्न ठरायच्या आधीच तुम्ही देवरूखच्या घरी दुपारचे जेवून पडवीत आडवे झालात, ते उठलाच नाहीत. तरी आज तुम्हालाच लिहायला बसलोय, कारण जे सांगायचं आहे ते दिव्यांबद्दल आहे, पॅनेलवरच्या दिव्यांबद्दल, आणि आपल्या घरात त्यातलं कळणारं तुमच्याशिवाय दुसरं कुणी झालं नाही. बायकोपाशी हा विषय काढला की ती डोळ्याला पदर लावते आणि मग मलाच तिची समजूत घालत बसावं लागतं. माझी समजूत घालणारं कुणी नाही. म्हणून तुम्ही.

पोफळीच्या वीजघरातला तो दिवस आठवतो. मी चौथी-पाचवीत असेन. वसाहतीतल्या आम्हा पोरांना वीजघर आतून बघायची फार ओढ असायची, आणि तुम्ही साहेबांची परवानगी काढून मला एकदाच आत नेलंत. गाडी डोंगराच्या पोटात शिरते, बोगद्यातली हवा ओली आणि गार लागते, आणि मशीन नजरेला पडायच्या आधी तळपायांना कळतं की इथे कुठेतरी फार मोठं काहीतरी फिरतंय. तुमच्या कंट्रोल रूममध्ये भिंतभर पॅनेल आणि त्यावर दिवेच दिवे. एक लाल दिवा पेटलेला बघून मी तुमचा हात घट्ट धरला आणि ओरडलो, "अण्णा, लाल!" तुमचे सोबती हसले. तुम्ही हसला नाहीत. वाकून म्हणालात, "अरे, इथं लाल म्हणजे चालू. हिरवा म्हणजे बंद. लाल बघून घाबरायचं नाही, सांभाळून राहायचं." मग तुम्ही एक बटण दाबलंत आणि भिंतीवरचे सगळे दिवे एकदम पेटले. मला वाटलं, माझ्यासाठीच गंमत केलीत. तुम्ही म्हणालात, "गंमत नाही. कुठला दिवा गेलाय का ते बघतोय. दिवा विझलेला असला की दोन गोष्टी असू शकतात. मशीन बंद आहे, नाहीतर दिवाच मेलाय. कुठली ते कळायला नको?" परत येताना गाडीत मी तुम्हाला शंभर प्रश्न विचारले आणि तुम्ही डोळे मिटून 'हूं' म्हणत राहिलात.

दुसरी आठवण आपल्या स्वयंपाकघरातली, आणि ती बोलणी खाल्ल्याची आहे. नववीत असताना मी घरातल्या रेडिओला दिवे लावले होते. पुढच्या लाकडाला भोकं पाडून रंगीत बल्ब बसवले, रेडिओ लावला की ते लुकलुकायचे. आई घावणे काढत होती आणि तुम्ही शिफ्टवरून येऊन पाटावर बसला होतात. मी मोठ्या ऐटीत रेडिओ समोर आणून ठेवला. तुम्ही घास हातात धरून बराच वेळ बघितलंत आणि विचारलंत, "हे दिवे काय सांगतात?" मी म्हटलं, "काही नाही. शोभेला आहेत." तुमचा आवाज चढला नाही, पण आई तव्यावरचा हात थांबवून बघायला लागली. "मग काढ," तुम्ही म्हणालात. "शोभेचे दिवे गणपतीपुढे लावायचे. यंत्रावर दिवा बसवलास की तो खरं बोलला पाहिजे. खोटा दिवा असण्यापेक्षा अंधार परवडला." आई म्हणाली, "पोरानं हौसेनं केलंय हो." तुम्ही तिच्याकडे लक्ष दिलं नाहीत. पण जेवण झाल्यावर तिथेच फरशीवर बसलात, रेडिओ उघडलात आणि स्पीकरच्या दोन तारांवरून दिवा कसा घ्यायचा ते मला दाखवलंत. त्यानंतर बातम्या सांगणारा बोलला की दिवा फुलायचा, थांबला की मंद व्हायचा. आई घावणे झाकून आमच्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "अगोबाई, हा तर त्याच्यासोबत श्वास घेतोय." दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची स्वतःची सोल्डरिंगची कांडी मला देऊन टाकलीत. तिची लाकडी मूठ तुमच्या बोटांनी काळी पडलेली होती.

त्या कांडीवर माझं आयुष्य निघालं, अण्णा. मोठं काही झालं नाही. मिरकरवाड्याच्या बंदराजवळ एक बर्फाचा कारखाना आहे, तिथं इलेक्ट्रिशियन आहे मी. मोटरी, स्टार्टर, कॉम्प्रेसर, आणि पॅनेलवर लाल-हिरवे दिवे. बंदरात मासळी उतरायची असली की बर्फ थांबून चालत नाही, त्यामुळे आम्हीही थांबत नाही. तुमची नात लहान असताना डबा घेऊन आईबरोबर यायची आणि कॉम्प्रेसरला कान लावायची. "बाबा, हा आज वेगळा बोलतोय," म्हणायची, आणि खरोखरच बेअरिंग जायला आलेलं असायचं. लहानपणापासून तिचं सगळं कानांतून. भाट्याच्या पुलावरून एसटी जाताना डोळे मिटून बसायची आणि खाली पाणी लागलं की बरोबर सांगायची.

पुढे ती इथल्याच पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकली, आणि तिथे तिला एका वाद्याचं वेड लागलं. तुम्ही असतात तर नाव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या असत्यात. मॉड्युलर सिंथेसायझर. दिसायला ते वाद्य वाटतच नाही, तुमच्या पॅनेलचं पिल्लू वाटतं. लाकडी चौकटीत ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या ओळीनं बसवलेल्या, एकेका पट्टीला मॉड्यूल म्हणायचं. एक मॉड्यूल नुसता सूर काढतं, दुसरं त्या सुराची धार कमी-जास्त करतं, तिसरं कुठला सूर केव्हा यायचा ते ठरवतं. एकातून वायर काढून दुसऱ्यात खुपसायची, की वाद्य बोलायला लागतं. वायर बदलली की बोलणं बदललं. हे सगळं तिनं स्वतः जोडलं. सुटे भाग मागवले, पट्ट्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये कापून घेतल्या, आणि सोल्डरिंग घरात, तिच्या खोलीच्या खिडकीत. राजिवड्याची एक मैत्रीण होती तिची, वडील कुवेतला असतात, त्यांनी आणलेला कीबोर्ड घेऊन ती यायची. दोघी मिळून दुपार-दुपार वाजवायच्या. मला त्यातलं फारसं काही कळायचं नाही. कधी पाण्यात घागर बुडावी तसं वाजायचं, कधी वारा सुटल्यावर सुरूच्या बनात होतो तसा आवाज. पण घरात ते चालू असलं की बरं वाटायचं, एवढं कळायचं.

एकदा मी तिला म्हटलं, "अगं, हे सगळं आंधळं का ठेवलंस? कुठं काय चालू आहे कळत नाही. दोन दिवे तरी लाव." ती हसली. म्हणाली, "मुद्दाम नाही लावले, बाबा. दिवे असले की माणसं बघत बसतात, ऐकत नाहीत. मला कान आहेत की."

मग तो ताप आला. आंब्याचे दिवस होते, सगळे आपापल्या गडबडीत. पहिल्यांदा वाटलं ऊन लागलं असेल. संध्याकाळपर्यंत तिला मान वाकवता येईना, उजेड सोसेना. इथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच कोल्हापूरला हलवायला सांगितलं. आंबा घाटाच्या वळणांवर ॲम्ब्युलन्समध्ये मी तिचं डोकं धरून बसलो होतो आणि ती माझ्याशी न बोलता कुणातरी तिसऱ्याशीच बोलत होती. मेंदूच्या आवरणाला सूज होती. डॉक्टर आधी म्हणत होते जीव वाचेल की नाही सांगता येत नाही, आणि मग एका सकाळी म्हणाले, वाचली. मी आणि तिची आई कॉरिडॉरमध्ये एकमेकांना धरून रडलो. नवस बोललो होतो तो फेडायचा केव्हा, याची बोलणीही झाली. आत गेलो तर ती उशाला टेकून बसली होती. आम्ही दोघं एकदम काहीबाही बोलायला लागलो. ती आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली आणि नेहमीपेक्षा फार मोठ्या आवाजात म्हणाली, "मोठ्यानं बोला ना. कुणी झोपलंय का इथं?"

अण्णा, ते वाक्य मी अजून विसरू शकलेलो नाही. तिच्या आईला वाटलं औषधाची गुंगी आहे. मला मात्र त्याच क्षणी कळलं, कारण खोलीतला पंखा खडखडत होता, आणि असल्या पंख्याबद्दल माझी लेक काही बोलली नाही असं होणारच नव्हतं.

पुढे मुंबईला नेलं. कानाच्या आत एक शंख असतो, त्यात बारीक तार घालून ऐकू येईल असं करतात म्हणे. पण या आजारानंतर त्या शंखात हाड भरत जातं, आणि तिच्या बाबतीत ते फार झपाट्यानं भरलं होतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी कागदावर शंख काढून दाखवला आणि पेन्सिलीनं तो गिरवून काळा केला. "प्रयत्न करू," म्हणाल्या, "पण तारेला आत जायला जागा फारशी उरलेली नाही." त्यांनी प्रयत्न केला. टाके सुकल्यावर मशीन जोडून बघितलं तेव्हा तिला डोक्यात टोचल्यासारखं झालं, आवाज काही आला नाही. कुणाची चूक नव्हती, असं सगळ्यांनी सांगितलं. चूक असती तर निदान रागवायला कुणीतरी मिळालं असतं.

घरी आलो तेव्हा वाद्य तिच्या खोलीत होतं तसंच होतं, आजारी पडायच्या आदल्या दिवशी लावलेल्या वायरींसकट. या वाद्याला आठवण नसते, अण्णा. त्या दिवशी जे वाजत होतं ते फक्त त्या वायरींत आणि बटणांच्या कोनात असतं. एकदा हलवलं की गेलं. तिनं चालू केलं नाही. खुर्चीवर बसली, एकेक वायर उपटली, नीट गुंडाळली आणि चिवड्याच्या रिकाम्या डब्यात भरली. शेजारच्या वहिनी डोकावल्या, "काय गो बाय, बरी हायस ना?" एवढं विचारून थांबल्या, आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर तेच दुप्पट आवाजात ओरडून विचारलं. तिनं मागे वळून बघितलंसुद्धा नाही. कळलंच नव्हतं तिला कुणी आलंय ते.

मग बोलायचं म्हणजे मोबाइलवर लिहून दाखवायचं, असं सुरू झालं. हळूहळू ती ओठ वाचायला शिकली, माझे लवकर, आईचे जरा उशिरा, कारण आई बोलता बोलता रडते आणि रडताना ओठ वेडेवाकडे होतात. मैत्रीण राजिवड्याहून येत राहिली. दोघी गॅलरीत बसून मोबाइलवर एकमेकींना लिहीत, समोरासमोर बसून. ते बघवत नसे.

एक दिवस मी मोबाइल घरी विसरलो म्हणून ती तो द्यायला कारखान्यात आली. मी एका पंपाचा स्टार्टर बघत होतो. ती माझ्या मागे पॅनेलसमोर उभी राहिली, किती वेळ ते मला कळलं नाही. वळून बघितलं तर दिव्यांकडे टक लावून बघत होती. लाल, हिरवा, मध्येच एक पिवळा. म्हणाली, "तुमचं बरं आहे, बाबा. तुमची मशीनं दिसतात." एवढंच बोलली आणि निघून गेली. आजारानंतर स्वतःहून यंत्राबद्दल बोललेलं तेवढंच. मी त्या शब्दांना धरून बसलो, अण्णा. बुडणारा माणूस जे हाताला लागेल ते धरतो, तसा.

रात्री जेवताना मी तिला विचारलं, "तुझ्या मॉड्यूलना दिवे लावू का?" तिनं खांदे उडवले. "लावा. मी कुठं वापरणार आहे."

मासेमारी बंद असते त्या दिवसांत कारखान्यात काम कमी असतं. मी तिच्या खोलीत खिडकीपाशी बसलो. एकेक मॉड्यूल चौकटीतून काढायचं, ॲल्युमिनियमच्या पट्टीला ड्रिलनं बारीक भोक पाडायचं, पट्टीवर ओरखडा उठू नये म्हणून आधी चिकटपट्टी लावायची, मग एलईडी बसवायची, रेझिस्टन्स जोडायचा. दोन रंगांच्या एलईडी मिळाल्या, विजेचा दाब एका बाजूला गेला की लाल, उलट बाजूला गेला की हिरव्या. तार कुठून घ्यायची याचा मी विचारही केला नाही. तुम्ही रेडिओला दाखवली होतीत तशी, जिथून आवाज बाहेर पडतो तिथूनच सरळ घेतली. मोठ्या मोटरींतला माणूस मी. इतक्या नाजूक सर्किटला हात लावायची माझी पहिलीच वेळ.

पहिले काही दिवस ती बाहेरच्या खोलीत बसून असायची. मग एकदा दारात येऊन उभी राहिली. मग पलंगावर येऊन बसली. मग एक दिवस माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "बाबा, हा जोड कोरडा झालाय. परत तापवा." मी परत तापवला. तिनं मान डोलावली. तिची आई चहा घेऊन आली तेव्हा आम्हाला दोघांना तसं डोक्याला डोकं लावून बसलेलं बघून दारातच थबकली. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ती मला हळूच म्हणाली, "पोरगी आज पोटभर जेवली हो." मी काहीतरी परत मिळवतोय असं मला वाटायला लागलं होतं. तुम्हाला सांगतो, त्या दिवसांत मी सायकलवर शीळ घालत कारखान्यात जायचो, आणि मग लाज वाटून मध्येच थांबवायचो.

दिवे तपासताना मी स्पीकर कधी लावला नाही. दिवा पेटतोय ना, वाढतोय-कमी होतोय ना, एवढंच बघायचो. ती शेजारी बसलेली असताना एकट्यानं ऐकणं मला जेवणावळीत एकट्यालाच वाढून घेतल्यासारखं वाटायचं.

सगळं झालं तो रविवार होता. दुपारी चौकट पुन्हा भिंतीशी उभी केली. तिनं चिवड्याचा डबा आणला, वायरी काढल्या आणि लावायला लागली. कुठली कुठे जाते ते तिला विचार करावा लागत नव्हता. बटण दाबलं आणि पट्ट्यांवर दिवे जागे झाले. एक हळू फुलत होता, एक झपझप उघडमीट करत होता, एक लालवरून हिरव्यावर जात होता आणि परत येत होता. तिनं एक बटण फिरवलं तर सगळ्यांची चाल बदलली. अण्णा, तिचा चेहरा उजळला. खरोखर उजळला, दिव्यांमुळे नव्हे. ओठ हलत होते, ती मनात सूर लावत होती, दिवा बघून सूर लावत होती. तुमची आठवण तेव्हा आली, त्या भिंतीपुढे बटण दाबणाऱ्या तुमची.

मग तिनं सवयीनं हात लांब करून स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. माझ्याकडे वळली. "बाबा, स्पीकर बंद आहे."

मी स्पीकरच्या सुट्या वायरीकडे बघितलं.

"तुम्ही ऐकत नाही आहात?"

मी म्हटलं, "तुला ऐकू येत नाही, मग मी एकटा—"

"मला येत नाही!" ती ओरडली. तिला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही आता, पण हे ओरडणंच होतं. "तुम्हाला येतंय ना? मग ऐका. मी वाजवतेय ते घरात एकाला तरी ऐकू येऊ दे. नाहीतर हे नुसतं गणपतीचं डेकोरेशन आहे."

तिनं हे कुठून आणलं, अण्णा? तुमची रेडिओची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती.

मी उठून स्पीकर लावला.

ते भयंकर होतं. मला संगीत कळत नाही, पण ते कुणालाही कळलं असतं. सूर उठायचा आणि दिवा फुलला की मान टाकायचा. दिवा जितका जास्त उजळे, तितका सूर खाली घसरे. आजारी जनावर विव्हळावं तसं सगळं मिळून विव्हळत होतं. आणि पट्ट्यांवर दिवे मात्र सुरेख, एकाही दिव्यात खोट नाही. ती त्यांच्याकडे बघत बटणं फिरवत होती. मग एकदम थांबून तिनं एक मॉड्यूल जरा पुढे ओढलं, मागची बाजू वाकून बघितली आणि विचारलं, "बाबा, दिव्यांना बफर टाकलेत ना?"

"म्हणजे काय?"

"मध्ये एक छोटं सर्किट लागतं. दिवा सरळ आउटपुटवर लावला तर तो त्यातलाच करंट खातो." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "मग सूर पडतो. पडतोय का?"

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"छान वाजतंय."

ती वाजवत राहिली आणि मी खुर्चीत बसून ऐकत राहिलो, चेहरा हसरा ठेवून. एवढं जड काम मी कारखान्यात कधी केलं नसेल. तेवढ्यात आवाजानं तिची आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. हात पिठाचे, आणि तोंडावर, हे काय होतंय घरात, असा भाव. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, पण लेकीनं आईचा चेहरा आधीच बघितला होता. मग माझा बघितला. बटणावरचा हात काढला. स्विच बंद केला, दिवे गेले, खोली शांत झाली. आमच्या दोघांपुरती, कारण तिच्यासाठी काहीच बदललं नव्हतं.

ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "छान झालेत दिवे, बाबा."

नंतर मी बफर म्हणजे काय ते शिकून घेतलं. फार अवघड नाही. एका दिव्यामागे एक छोटी चिप, की दिव्याचा भार मूळ सुरावर पडत नाही. भाग मागवले, तिला दाखवले. म्हटलं, "चार दिवसांत करून देतो." ती म्हणाली, "राहू द्या." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी रेटून केलं असतं. "मला दिसलं सगळं, बाबा," म्हणाली. "मी लावलेले सूर बरोबर होते की नाही, ते कुठल्याच दिव्यावर कळत नाही. तुम्ही बफर टाकाल आणि परत छान म्हणाल. ते तरी मला कसं कळणार?" तुम्हाला याचं उत्तर आलं असतं का, अण्णा? तुम्ही इतकी वर्षं दिवे बघून अख्खं वीजघर सांभाळलंत, पण तुम्ही तळपायांनी ऐकत होतात ना?

दिवाळीनंतर तिनं ते वाद्य मैत्रिणीला देऊन टाकलं. मैत्रीण आता पुण्यात शिकते. गाडी घेऊन ती आणि तिचा मामा आले होते. चौकट चादरीत गुंडाळताना ती रडत होती आणि माझी लेक तिला दाखवत होती की कुठली बाजू वर ठेवायची. गाडी निघून गेल्यावर भिंतीवर चौकटीएवढा पांढरा चौकोन राहिला. तिच्या आईनं तिथं कॅलेंडर लावलं. आता लेक एका बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. भाट्याला फिरायला नेलं तर येते, पाण्याकडे पाठ करून बसते आणि वाळूत पुस्तक उघडते. तिच्याकडून काही मागणं मी सोडून दिलंय. तिचं बरं होईल असं लोक म्हणतात. होईलही. पण जिचं बरं होईल ती दुसरीच कुणी असेल, आणि जी गेली तिच्यासाठी रडायची सोय नाही, कारण ती समोर बसून जेवतेय.

मागच्या आठवड्यात दुपारी मैत्रिणीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग अडखळली. "काका, एक विचारू? रागवू नका हां. ते दिवे... त्यांच्यामुळे ट्यूनिंग राहत नाहीये. आमच्या सरांनी बघितलं. काढून टाकले तर चालतील?"

मी म्हटलं, "काढ."

"भोकं राहतील पट्टीला."

"राहू दे. त्याला काही होत नाही."

"तिला सांगू नका, काका."

फोन ठेवला तर लेक दारात उभी. कुणाचा होता, तिनं विचारलं. मी मैत्रिणीचं नाव घेतलं. "काय म्हणाली? दिवे आवडले तिला?"

तिच्याशी बोलायचं तर आधी समोर यायचं, उजेडाकडे तोंड करायचं आणि तोंड फिरवून एक शब्दही बोलायचा नाही, हे घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच पढवलंय. पाहुण्यांना दटावलंय त्यावरून, तिच्या आईला तर किती वेळा. आणि त्या दिवशी, अण्णा, मी फोन चार्जिंगला लावायच्या निमित्तानं भिंतीकडे वळलो, आणि भिंतीलाच सांगितलं की काढून टाकतेय ती, सगळे काढून टाकतेय. मोठ्यानं सांगितलं. मग वळलो आणि मान हलवली, हो, आवडले म्हणून.